‘ताकद कमी’ या ओळीचं परीक्षण

ट्रॅक्टर विकत घेतला की सोबत एक पुस्तिका मिळते. आमच्याकडे ती कर्जाच्या कागदांबरोबर पत्र्याच्या पेटीत असते आणि सहसा कुणी उघडत नाही. तिच्या शेवटच्या पानांत एक तक्ता असतो : दोष, संभाव्य कारण, उपाय. त्यात एक ओळ असते, ‘इंजिनची ताकद कमी’. तिच्यासमोर कारणांची रांग : एअर फिल्टर चोंदलेला, डिझेल फिल्टर चोंदलेला, लाइनीत हवा, फीड पंप कमजोर, नोझल खराब, पंपाचं टायमिंग चुकलेलं, व्हॉल्व्हचं अंतर बिघडलेलं, कॉम्प्रेशन कमी, इंजिन गरम. कंपनी कुठलीही घ्या, दोन-चार नावं इकडची तिकडे होतील, ओळ साधारण हीच.

आज या एका ओळीचं परीक्षण करायचंय, पुस्तकाचं करतात तसं. हसू नका. पेटची तयारी करणारे बरेच जण मला विचारतात, गृहीतक कसं मांडायचं? त्यांनी पाठवलेले आराखडे मी वाचते तेव्हा त्यांत नेमकी हीच ओळ दिसते. एक दोष, त्याच्यापुढे संभाव्य कारणांची यादी, आणि यादी संपली की काम झाल्याचं समाधान. मी स्वतः पहिल्या वर्षी असाच आराखडा दिला होता. तेव्हा ही ओळ नेमकी कुठे कमी पडते ते बघू.

आधी प्रसंग. आमचं गाव वडवणी तालुक्यात. दिवाळी झाली की गावातली निम्मी घरं कुलूपबंद होतात. माझे चुलते, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, टोळीचे मुकादम आहेत. ट्रॅक्टरच्या मागे दोन ट्रॉल्या, त्यांत टोळीची माणसं, पोरंबाळं, धान्याची पोती, भांडी, कोंबड्या, कोपीसाठीचं सामान. राज्य सरकारने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं तेव्हा मी काकूंना फोटो दाखवला, की बघा, चाकांवरचं घर. त्या म्हणाल्या, ‘मग आपलं काय हाये?’

तर गेल्या हंगामात हे चाकांवरचं घर तेलगावहून धारूरकडे निघालं. घाटाच्या अलीकडे पंपावर टाकी फुल केली. घाट सुरू झाला आणि थोड्याच वेळात इंजिनाने दम सोडला. चुलतभाऊ चालवत होता. त्याने गिअर खाली घेतला, तरी ओढेना. धारूरच्या घाटात रस्ता अरुंद, मागे वाहनांची रांग, आणि ट्रॉल्यांना ब्रेक नसतात. सगळा भार ट्रॅक्टरच्या ब्रेकवर. वर बसलेल्या बायका पोरांना घेऊन खाली उतरल्या, माणसांनी चाकांखाली दगड लावले. दहा-पंधरा मिनिटं गेली. पुन्हा सुरू केला तर बेट्याने ओढलं! दोन वळणं चढला आणि परत तेच.

शेवटी दुसरा ट्रॅक्टर लावून खाली आणला. मिस्त्री आला. त्याने फिल्टर बदलला, एअर काढली, एअर बरीच निघाली, मग पंप उतरवला आणि बांधायला पाठवला. दोन दिवस टोळी रस्त्याच्या कडेला होती. पंपाचे पैसे अण्णांनी उचलीतून भरले, म्हणजे जी रक्कम अजून फेडायची होती तिच्यातून. ट्रॅक्टर घाट चढला, कारखान्यावर पोचला, सगळे म्हणाले पंपच होता. पंधरा दिवसांनी उसाची भरली खेप घेऊन जाताना पुन्हा तोच प्रकार. तिथला मिस्त्री म्हणाला, आधीच्याने पंप नीट बांधला नाही. तेव्हा भावाने मला फोन केला. तू भौतिकशास्त्रात पीएच.डी. करतेस, मग हे सांग.

आता त्या ओळीकडे वळू. पहिली तक्रार मथळ्याबद्दल. ‘इंजिनची ताकद कमी’ हे निरीक्षण नाही, तो निष्कर्ष आहे. बघितलेली गोष्ट एवढीच, की गाडी चढावर ओढत नाही. ती इंजिनामुळेच ओढत नाही हे अजून ठरायचंय. क्लच घसरत असेल तर इंजिन जोरात ओरडतं आणि गाडी मात्र मंदावते. चाकाचा ब्रेक चिकटून बसला असेल तर इंजिन बिचारं पूर्ण ताकद देतं आणि ती ब्रेकच्या ड्रममध्ये उष्णता होऊन जाते. रॉबर्ट पर्सिगचं मोटारसायकल-दुरुस्तीवरून तत्त्वज्ञानात शिरणारं पुस्तक १९७४ साली आलं. त्यात वैज्ञानिक पद्धतीवर जी पानं आहेत त्यांतली सगळ्यात उपयोगी सूचना हीच आहे : समस्या लिहिताना तुम्हाला जेवढं नक्की माहीत आहे त्याच्या पुढे एक शब्दही लिहू नका. तक्ता मथळ्यातच पुढे गेला आहे.

मी भावाला पहिला प्रश्न हाच केला. ‘आवाज वाढला का बसला?’ ‘बसला. घुसमटल्यासारखा.’ म्हणजे क्लच नाही. एक प्रश्न, खर्च शून्य, आणि यादीबाहेरचा एक अख्खा विभाग बाद.

दुसरा प्रश्न धुराचा. यासाठी डिझेल इंजिन थोडं समजून घ्या. पेट्रोलच्या इंजिनात हवा कमी-जास्त करणारी झडप असते. साध्या डिझेल इंजिनात ती नसते. हवा दर फेरीला पूर्ण आत येते, आणि ताकद ठरते ती फक्त किती डिझेल फवारलं यावर. भार वाढून इंजिन मंदावू लागलं की गव्हर्नर पंपाला आणखी डिझेल द्यायला लावतो. आता डिझेल मिळालं पण हवा पुरेशी नाही, समजा एअर फिल्टर चोंदलाय, तर न जळलेला कार्बन काळा धूर होऊन बाहेर पडतो. डिझेल गेलं पण नीट पेटलं नाही, म्हणजे टायमिंग चुकलं किंवा कॉम्प्रेशन कमी, तर पांढरा. ऑइल जळत असेल तर निळसर. आणि डिझेलच पोचत नसेल तर? तर धूरच नाही. इंजिन गुपचूप बसतं.

भाऊ म्हणाला, धूर नव्हता. उलट नेहमीपेक्षा कमी.

नऊ कारणांच्या यादीतली निम्म्याहून जास्त कारणं या एका उत्तराने मागे पडतात. माझी दुसरी आणि मोठी तक्रार हीच. तक्ता कारणं सांगतो, पण एक कारण दुसऱ्यापासून वेगळं कसं ओळखायचं ते सांगत नाही. काही पुस्तिकांत धुराचा तक्ता असतोही, पण तो वेगळ्या पानावर, वेगळा दोष म्हणून : ‘धूर काळा येतो’. या दोन ओळी एकमेकींना छेद देतात आणि खरी माहिती त्या छेदावर आहे, हे वाचणाऱ्याने स्वतः ओळखायचं. यूट्यूबवरचे ‘ताकद कमी होण्याची पाच कारणं’वाले व्हिडिओ तर याहून पुढचे. पाचही कारणं बरोबर असतात. पाचही भाग बदलले तर दोष जाण्याची शक्यताही बरीच असते. फक्त कशामुळे गेला ते कळत नाही, आणि चार भाग विनाकारण बदलले जातात.

तक्त्याच्या बाजूनेही बोलायला हवं. तो चालवणाऱ्यासाठी लिहिलाय, एका पानात बसवायचाय, आणि डिझेल फिल्टर चोंदणं हे खरोखरच नेहमीचं कारण आहे. मिस्त्रीने फिल्टरपासून सुरुवात केली यात काहीच चूक नव्हती. चूक पुढे झाली, आणि ती समजायला तिसरा रकाना लागतो जो तक्त्यात नाहीच : केव्हा?

काय झालं यापेक्षा कधी झालं, किती वेळाने झालं, थांबल्यावर काय झालं, यांत जास्त माहिती असते. झिजलेला पंप दहा मिनिटं विश्रांती घेऊन तरुण होत नाही. कॉम्प्रेशन कमी झालेलं सिलिंडर रस्त्याच्या कडेला बसून बरं होत नाही. जे थांबल्यावर बरं होतं ते काहीतरी साचणारं आणि ओसरणारं असलं पाहिजे. उष्णता असेल, पण काटा हिरव्यात होता. टाकीच्या तोंडाशी ओढीने येऊन चिकटणारा आणि ओढ थांबली की सुटणारा कचरा असेल. मी फोनवर भावाला हेच सांगितलं, टाकी खोल, तळाची जाळी बघ. माझी पैज जाळीवर होती आणि मी चुकले.

मागून काकू बोलत होत्या. ‘तिला सांग, टोपण उघडलं की सूंऽऽ करतंय.’

भाऊ म्हणाला, ते कायच करतं गं. काकू म्हणाल्या, कायच नाही, फुल टाकी केली तवाच करतंय.

कॅनमधून डिझेल ओतायचं काम काकूंचं. टोपणाचं रबर झिजलेलं, चढावर भरल्या टाकीतून डिझेल बाहेर सांडायचं, म्हणून टाकी फुल केली की त्या टोपणाखाली दुधाच्या पिशवीचा तुकडा घट्ट बसवायच्या. डिझेल वाचवायला. टाकी निम्मी असली की तुकडा काढून ठेवायचा. टोपणाला हवा आत घेण्यासाठी बारीक भोक असतं, ते या तुकड्याने बंद होत होतं. जेवढं डिझेल इंजिन ओढणार तेवढी जागा टाकीत रिकामी होणार, तिथे हवा यायला वाट नाही, उलट ओढीने प्लॅस्टिक आणखी घट्ट बसणार.

इथे मी कागद घेतला. तुम्हीही घ्या. ट्रॅक्टर, ट्रॉल्या, माणसं, सामान मिळून ८ टन धरा, वेग ताशी १० किलोमीटर, चढ शंभराला पाच. सपाटीवर नुसतं घरंगळत ठेवायला सुमारे ६ हॉर्सपॉवर लागतात, या चढावर सुमारे २०. म्हणजे तिपटीहून जास्त. २० हॉर्सपॉवरला डिझेल ढोबळ मानाने तासाला साडेचार लिटर, म्हणजे एक लिटर तेरा-एक मिनिटांत. आता टाकी ६० लिटरची, फुल केल्यावर वर समजा ५ लिटर हवा उरली. एक लिटर डिझेल गेलं की तीच हवा ६ लिटरात पसरणार. अकरावीतला बॉइलचा नियम : दाब सहाव्या हिश्शाने घटला. डिझेलच्या स्तंभात मोजलं तर ही घट जवळजवळ दोन मीटर होते. म्हणजे टाकी जागेवरून काढून दोन मीटर खाली खड्ड्यात पुरली आणि म्हणालो, आता ओढ. टाकी निम्मी असती तर वर ३० लिटर हवा, तेच एक लिटर गेल्यावर घट तीन टक्के, जेमतेम सव्वा फूट. कुठलाही फीड पंप हसत झेलेल.

बघा, किती गोष्टी एकदम जागेवर बसल्या. पंपावर टाकी फुल केल्यावरच का. घाटातच का. पंधरा-वीस मिनिटांनीच का. थांबल्यावर बरं का, तर प्लॅस्टिकच्या कडेने हळूहळू हवा आत झिरपते. आणि मिस्त्रीला लाइनीत एअर का सापडली? द्रवावरचा दाब कमी झाला की त्यात विरघळलेली हवा बुडबुडे होऊन सुटते, आणि ओढीमुळे ढिल्या जोडांतूनही हवा आत येते. एअर खरीच होती. तिने मिस्त्रीला पंपाकडे नेलं, मला जाळीकडे नेलं असतं. मी त्याच्यावर हसायचं कारण नाही.

आणि पंप बांधल्यावर ट्रॅक्टर घाट चढला कसा? कारण दुरुस्तीत टोपण उघडलं गेलं, टाकीतलं डिझेल उतरलं, आणि तुकडा बसवलाच गेला नाही. एका वेळी तीन गोष्टी बदलल्या, दोनांची नोंद बिलात झाली, तिसरीची कुठेच नाही.

‘अचानक’ या शब्दाबद्दलही थोडं. दोष सांगताना आपण तो सहज वापरतो. टाकीत अचानक काहीच झालं नव्हतं, दाब पंपावरून निघाल्यापासून सारखा घटत होता. गव्हर्नर जास्त डिझेल मागून मागून कमतरता झाकत राहिला आणि मागणं पुरं पडेना तेव्हा आपल्याला कळलं. अचानकपणा आपल्या लक्षात येण्याचा आहे. तुमच्या आलेखात एखादी वक्ररेषा अचानक कोसळली तर आधी विचारा, तोवर तिला कोण सावरत होतं.

गावात एक स्पष्टीकरण असंही निघालं, की घाटात हवा विरळ. याला उत्तर द्यायला ट्रॅक्टर उघडावा लागत नाही. उंची शंभर मीटर वाढली की हवेची घनता साधारण एक टक्का घटते. घाट दोनशे मीटरचा धरला तरी दोन टक्के. दोन टक्क्यांनी ट्रॅक्टर उभा राहत नाही. काही गृहीतकं भागाकारानेच मरतात, त्यांच्यावर प्रयोग खर्च करू नका.

पुढचा मुद्दा संशोधनाच्या पद्धतीचा, आणि तुम्हाला मुलाखतीत उपयोगी. थॉमस चेंबरलिन या अमेरिकन भूशास्त्रज्ञाने १८९० मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात मांडलं, की एकाच गृहीतकावर जीव जडला की माणूस त्याला सोयीचंच बघतो, म्हणून एकाच वेळी अनेक गृहीतकं हाताशी ठेवा. १९६४ मध्ये जॉन प्लॅट याने त्याच नियतकालिकात ते पुढे नेलं : पर्यायी गृहीतकं लिहा, त्यांतलं एखादं तरी निश्चित बाद होईल असा प्रयोग आखा, करा, उरलेल्यांवर पुन्हा तेच. आमच्या तक्त्याने चेंबरलिनचं निम्मं ऐकलंय. पर्याय भरपूर, पण कुणाला बाद करायची सोय नाही.

मात्र प्लॅटचं पूर्ण ऐकलं असतं तरी आम्ही फसलो असतो, आणि हे मला त्या फोननंतर कळलं. बाद करत जाण्याची पद्धत यादी पुरी आहे असं धरून चालते. आमच्या पुस्तिकेच्या यादीत टोपण नव्हतं. खरं कारण यादीत नसेल तर बाद करत करत शेवटी जो उरेल तो निर्दोष असूनही दोषी ठरेल, आणि जितक्या शिस्तीने बाद कराल तितक्या खात्रीने ठरेल. काही पुस्तिकांत टाकीच्या टोपणाचं भोक बंद असल्याची नोंद असते, आमच्याकडच्या नाही. पण ती असती तरी पुढच्या वेळी वेगळंच काही नसेल. यादीच्या तळाशी एक कोरी ओळ हवी. आणि ती भरायला असा माणूस लागतो जो यंत्राशी रोज वेगळ्या कामासाठी बोलतो. मिस्त्रीने प्रश्न चालकाला विचारले, मालकाला विचारले. टोपण दर वेळी उघडणाऱ्या बाईला कुणी विचारलं नाही. मीही नाही, त्या आपणहून बोलल्या.

नव्या गाड्यांत हे सगळं मागे पडलं असं कुणी म्हणेल. कॉमन रेल इंजिनात संगणक असतो, तो दाब मोजतो, कमी पडला की इंजिनाची ताकद स्वतःच उतरवतो, दिवा लावतो आणि कोड साठवतो. स्कॅनर लावला की पी ००८७ असं दिसतं. पण त्या कोडचा अर्थ एवढाच, की रेलमधला दाब अपेक्षेपेक्षा कमी आहे. फिल्टर चोंदला तरी तोच कोड, पंप झिजला तरी तोच, नोझल गळत असलं तरी तोच, दाब मोजणारा सेन्सरच खोटं बोलत असला तरी तोच. आणि दुधाची पिशवी असली तरी बहुतेक तोच. कोड म्हणजे तक्त्याचा डावा रकाना, जरा ऐटीत छापलेला. लोक तो उजवा रकाना समजून सेन्सर बदलून मोकळे होतात. प्रयोगशाळेतल्या महागड्या उपकरणाच्या पडद्यावर आकडा उमटला की आपलंही असंच होतं. माझ्या वहीत पहिल्या वर्षी निरीक्षणाच्या रकान्यात सात ठिकाणी ‘सॅम्पल खराब’ असं लिहिलेलं आहे. ते निरीक्षण कसं काय असेल? दिसलं होतं ते एवढंच, की रोध वाढत गेला.

आता शेवटचा भाग, जो माझ्या मनासारखा झाला नाही. भावाने दुसऱ्या दिवशी टाकी फुल करून तुकडा बसवला, भरली खेप घेतली, आणि इंजिन बसायला लागल्यावर न थांबता सोबतच्या पोराला टोपण सैल करायला लावलं. सूं झालं, आणि मिनिटभरात इंजिनाने ओढ धरली. विश्रांती नाही, दुरुस्ती नाही. पुरावा चांगला आहे. मी म्हणाले, दादा, आता एकदा जुन्या पंपासारखा दुसरा पंप लावून, तुकड्याशिवाय, तोच चढ, तोच भार... तो म्हणाला, ‘ताई, सापडलं ना? मग खेप बुडवून कशाला?’ खेपेवर टोळीचे पैसे. माझ्या खात्रीची किंमत त्यांनी का भरायची, याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. पर्सिगच्या पायऱ्यांतही या खर्चाचा रकाना नाही, प्लॅटच्याही नाही.

त्यामुळे पंप मुळात थोडाफार थकलेला होता का, की तो अगदी ठणठणीत असताना उतरवला, हे आता कळायला मार्ग नाही. त्याचे काढलेले भाग मिस्त्रीकडेच राहिले. टोपणाला नवीन रबर बसवलंय, भोक तारेने मोकळं केलंय. यंदा निघताना काकूंनी पुस्तिका पेटीतून काढायला लावली आणि त्या ओळीखाली माझ्याकडून पेनने लिहून घेतलं : टोपण बघणे.